इमारत, रस्ता आणि सर्वेक्षण एका जागी का बसत नाहीत : नागपूरच्या प्रकल्पांसाठी निर्देशांक-दोषाचे निदान

एकाच प्रकल्पातील इमारतीचे मॉडेल रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये, रस्ता व पर्जन्यजल वाहिन्यांचे मॉडेल सिव्हिल थ्रीडीमध्ये आणि जागेचे सर्वेक्षण डीजीपीएस (उपग्रहांवरून स्थान काढणारे उपकरण) व टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे उपकरण) यांच्या आकड्यांत तयार झालेले असते. हे तिन्ही समन्वयासाठी नेव्हिसवर्क्स या मॉडेले जोडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र उघडले की इमारत कधी रस्त्याच्या पलीकडे, कधी शेजारच्या मौजात, तर कधी पडद्यावर शोधूनही सापडणार नाही इतक्या दूर जाऊन बसते. हा दोष एकदा दुरुस्त केला म्हणून संपत नाही, कारण दुरुस्ती म्हणून बहुतेक वेळा मॉडेल उचलून नजरेला पटेल अशा ठिकाणी ठेवले जाते. पुढच्या खेपेला वास्तुविशारदाकडून सुधारित मॉडेल येते, ते मूळच्या चुकीच्या जागीच उघडते आणि हलवाहलव पुन्हा सुरू होते. ही हलवाहलव प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने करत असल्याने काही महिन्यांत एकाच इमारतीच्या तीन-चार निरनिराळ्या जागा निरनिराळ्या फायलींत नोंदल्या जातात आणि त्यांपैकी खरी कोणती हे सांगणारे कोणीही उरत नाही.

माझे म्हणणे असे आहे की अशा वेळी मॉडेल हलवू नये, विस्थापन मोजावे. मॉडेल किती सरकले, कोणत्या दिशेला सरकले, ते फिरले आहे का आणि ताणले गेले आहे का, या गोष्टी मोजल्या की कारण जवळजवळ नेहमीच निश्चित होते, कारण निर्देशांक प्रणालीतील, म्हणजे जागेचे स्थान आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीतील, प्रत्येक चूक आपला ठरावीक आकडा मागे ठेवते. नागपूरच्या स्थानासाठी हे आकडे आधीच काढून ठेवता येतात आणि पुढील विवेचन त्यासाठीच आहे. सॉफ्टवेअरची नावे नेहमीच्या वापरातली घेतली आहेत. दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मेनू वेगळे दिसतील, आकडे मात्र तेच राहतील.

नागपूरचे बरोबर आकडे

नागपूर शहर साधारणपणे २१.१५ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०९ अंश पूर्व रेखांशावर आहे. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ झोन पाडलेले असून ७२ ते ७८ अंश पूर्व हा झोन ४३ आणि ७८ ते ८४ अंश पूर्व हा झोन ४४ आहे. नागपूर झोन ४४ उत्तरमध्ये येते आणि या झोनचे मध्य रेखावृत्त ८१ अंश पूर्व आहे. डब्ल्यूजीएस ८४ डेटमवर (स्थान मोजण्याच्या जागतिक आधारावर) आधारलेल्या या प्रणालीचा ईपीएसजी या निर्देशांक प्रणालींच्या यादीतील क्रमांक ३२६४४ असून सिव्हिल थ्रीडीत ती यूटीएम८४-४४एन या संकेताने मिळते. या प्रणालीत झिरो माइलच्या परिसरात ईस्टिंग (पूर्वेकडे मोजलेला आकडा) सुमारे ३ लाख १ हजार मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडे मोजलेला आकडा) सुमारे २३ लाख ४० हजार मीटर येते, तर समुद्रसपाटीपासूनची उंची ३१० मीटरांच्या आसपास आहे. शहरातील कोणत्याही प्रकल्पाचे आकडे यांच्यापासून काही हजार मीटरांपेक्षा दूर असू शकत नाहीत. हे तीन आकडे प्रत्येक आरेखकाने तोंडपाठ ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी १९०७ साली उभारलेला झिरो माइलचा स्तंभ ज्या शहरात आहे, तेथे ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही.

विस्थापन मोजण्याची रीत

मॉडेलमध्येही ओळखता येतील आणि सर्वेक्षणातही नोंदलेले असतील असे किमान दोन बिंदू निवडावेत. ते एकमेकांपासून शक्य तितके दूर, निदान काहीशे मीटर अंतरावर असावेत. कुंपणाच्या भिंतीचा कोपरा किंवा झाडाचे खोड यासाठी चालत नाही, सिमेंटच्या खांबावर खूण केलेला कंट्रोल पॉइंट किंवा जागेवर आखून दिलेला इमारतीच्या ग्रिड रेषांचा छेदबिंदूच घ्यावा. दोन्ही बिंदूंचे ईस्टिंग, नॉर्दिंग व उंची सर्वेक्षणाच्या यादीतून लिहून घ्यावी आणि त्याच बिंदूंचे आकडे मॉडेलमधून वाचून शेजारी मांडावेत. दोन्ही बिंदूंवर फरक अगदी सारखा येत असेल तर मॉडेल केवळ सरकलेले आहे. फरक वेगवेगळा असेल तर दोन बिंदूंमधील अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेचा दिगंश दोन्हीकडे काढून पाहावा. दिगंशात तफावत असेल तर मॉडेल फिरलेले आहे आणि अंतरात असेल तर मापप्रमाण बदललेले आहे. तिसरा बिंदू निष्कर्ष पडताळण्यासाठी राखून ठेवावा.

ही मोजणी मूळ फायलींतच करावी. एकत्रित मॉडेल उघडणारे सॉफ्टवेअर फायली जोडताना एकके व मूळबिंदू स्वतःहून बदलू शकते, त्यामुळे तेथे दिसणारा फरक दोन चुकांची बेरीज असण्याची शक्यता राहते आणि मग आकड्यावरून कारण ओळखणे कठीण होते.

शेकडो किलोमीटरांचा फरक : झोन

नागपूरच्या फाइलमध्ये ईस्टिंग ९ लाख २५ हजारांच्या आसपास आणि नॉर्दिंग २३ लाख ४४ हजारांच्या आसपास दिसत असेल, तर त्यात शंकेला जागा नाही. ते आकडे झोन ४३ मध्ये काढलेले आहेत. हा घोळ विदर्भात वारंवार होण्यामागे साधे कारण आहे. मुंबई, पुणे आणि अमरावती ही शहरे झोन ४३ मध्ये येतात. तेथील कार्यालयांत तयार झालेले टेम्पलेट नागपूरच्या कामासाठी तसेच उघडले जाते आणि त्यात आधीपासून नेमलेल्या झोनकडे कोणाचे लक्ष जात नाही. ७०१ किलोमीटरच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गासारख्या लांब कामात तर एकाच रस्त्याचा पश्चिमेकडील भाग झोन ४३ मध्ये आणि पूर्वेकडील भाग झोन ४४ मध्ये पडतो, कारण ७८ अंशांचे रेखावृत्त अमरावती जिल्ह्यातच ओलांडले जाते.

याहून फसवी स्थिती म्हणजे आकडे बरोबर झोन ४४ चे असणे, पण फाइलवर झोन ४३ ची नेमणूक असणे. अशी फाइल उपग्रहचित्राच्या पार्श्वभूमीवर उघडली की नागपूरचा प्रकल्प बरोबर सहा अंश पश्चिमेला, म्हणजे सुमारे ६२० किलोमीटर दूर, सुरतेजवळ बारडोलीच्या परिसरात दिसतो. उलट झोन ४३ चे आकडे असलेल्या फाइलला झोन ४४ नेमला तर तोच प्रकल्प ओडिशातील तालचेरच्या बाजूला जाऊन पडतो. बारडोली दिसली किंवा ओडिशा दिसले, तर पुढे काही शोधण्याची आवश्यकता नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण या समस्येच्या पुनरावृत्तीचे मूळ बऱ्याच अंशी तिच्यातच आहे. सिव्हिल थ्रीडीच्या ड्रॉइंग सेटिंग्जमधील युनिट्स अँड झोन या टॅबवर निर्देशांक प्रणाली निवडली म्हणजे ड्रॉइंगमधील रेषा हलत नाहीत. ती निवड केवळ एवढेच सांगते की या फाइलमध्ये असलेले आकडे अमुक प्रणालीतील समजावेत. आकडे झोन ४३ चे असताना नेमणूक बदलून ४४ केली, तर दोष दुरुस्त न होता वर सांगितल्याप्रमाणे प्रकल्प ओडिशात जातो आणि गोंधळलेला आरेखक पुन्हा हाताने सरकवू लागतो. खरे रूपांतर करायचे असेल तर आधी मूळ फाइलला तिची खरी प्रणाली, म्हणजे झोन ४३, नेमावी लागते. मग झोन ४४ नेमलेली नवी रिकामी फाइल उघडून तिच्यात मूळ फाइल जोडून क्वेरीच्या (जोडलेल्या फाइलमधून रेषा मागवण्याच्या आज्ञेच्या) मार्गाने रेखांकन आणावे लागते, तेव्हा प्रत्येक बिंदूचे गणित होऊन आकडे बदलतात. हे रूपांतर नुसत्या सरकवण्याने साधत नाही, कारण या दोन झोनांच्या उत्तर दिशा नागपूरजवळ एकमेकींशी सुमारे २.१६ अंशांचा कोन करतात आणि मापप्रमाणही निराळे असते. झोन ४३ मध्ये नागपूरचे एक किलोमीटर अंतर सुमारे १००१.८ मीटर भरते. ज्याने सरकवून व फिरवून मॉडेल बसवले, त्याच्या रस्त्यात दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटरांची चूक शिल्लक राहते.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदलही याच गटात मोडते. केएमएल या गूगल अर्थच्या फाइलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहिला जातो, तर आपल्याकडे बोलण्यात व लिहिण्यात अक्षांश आधी येतो. हा क्रम उलटला की नागपूर आर्क्टिक महासागरातील स्वालबार द्वीपसमूहाजवळ दिसते. अंश-कला-विकलांमधील आकडा दशांश समजून भरला तर चूक किलोमीटरांत येते. २१ अंश ९ कला यांऐवजी २१.०९ लिहिले गेले तर प्रकल्प साडेसहा किलोमीटरांहून अधिक दक्षिणेला सरकतो.

काहीशे मीटरांचा फरक : डेटम

शंभरापासून तीनशे-साडेतीनशे मीटरांपर्यंतचा, सर्वत्र जवळजवळ सारखा फरक आढळला, तर जुन्या नकाशांचा संशय घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट विवृत्ताभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती नमुन्यावर) आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील मूळबिंदूवर आधारलेले होते. एव्हरेस्ट विवृत्ताभाची मोठी अर्धअक्ष डब्ल्यूजीएस ८४ पेक्षा सुमारे साडेआठशे मीटरांनी लहान आहे आणि त्याचे केंद्रही पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही, म्हणून एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ डेटम व यूटीएम प्रक्षेपणावर आले. तरीही जुन्या स्थलदर्शक नकाशांवरून अंकीकृत केलेले नाले, तलाव आणि समोच्च रेषा अनेक प्रकल्पांत अजून फिरत असतात, आणि त्या आकड्यांसोबत डेटमचा उल्लेख क्वचितच असतो. अशा फाइलला कल्याणपूर डेटमची योग्य प्रणाली नेमून मगच रूपांतर करावे. त्यानंतरही काही मीटरांची अनिश्चितता राहू शकते, त्यामुळे हा माहितीसाठा प्राथमिक आराखड्यापुरता ठेवावा आणि बांधकामाच्या रेखांकनात ताजे सर्वेक्षणच वापरावे.

मौजा आणि खसरा क्रमांकांचे भूमी अभिलेख नकाशे मात्र या निदानाच्या कक्षेबाहेर आहेत. जुन्या कागदी गाव-नकाशांना बहुधा जागतिक निर्देशांक प्रणालीच नसते. ते नियंत्रण बिंदूंवर बसवून घ्यावे लागतात, आणि हद्दीचा प्रश्न असेल तर शासकीय मोजणीच ग्राह्य धरावी, मॉडेलवर बसवलेला नकाशा नव्हे.

पाच मीटरांच्या आतला फरक : फूट आणि उपग्रहचित्र

नॉर्दिंगमध्ये सुमारे ४.७ मीटर आणि ईस्टिंगमध्ये सुमारे ०.६ मीटर एवढाच फरक असेल आणि मॉडेल फिरलेले नसेल, तर एककांत आंतरराष्ट्रीय फूट व अमेरिकी सर्वेक्षण फूट यांची सरमिसळ झालेली आहे. या दोन फुटांत दहा लाखांत दोन भाग इतकाच फरक आहे; इमारतीच्या लांबीवर तो दिसतही नाही, परंतु २३ लाख ४० हजार मीटरांच्या नॉर्दिंगवर तो पावणेपाच मीटरांच्या जवळ जातो. मेट्रिक कामात फूट येतो कोठून, असा प्रश्न पडेल. तो बहुधा इम्पीरियल टेम्पलेटमधून किंवा ड्रॉइंग जोडताना आपोआप होणाऱ्या एकक-रूपांतरातून येतो. प्रत्येक फाइलमध्ये घालण्याचे एकक मीटर किंवा मिलिमीटर असल्याची खात्री करणे एवढाच यावर उपाय आहे.

विस्थापन दोन-चार मीटरांचे आहे, पण त्याला ठरावीक दिशा नाही, असे दिसले तर सर्वेक्षणाकडे नव्हे, पार्श्वभूमीच्या उपग्रहचित्राकडे संशयाने पाहावे. मोफत मिळणारी उपग्रहचित्रे स्वतः काही मीटरांनी सरकलेली असू शकतात आणि उंच इमारती त्यांत कललेल्या दिसतात. फुटाळा तलावाच्या काठाची रेषा चित्राशी जुळत नाही म्हणून नियंत्रण बिंदूंवर बसलेले मॉडेल सरकवणे ही दुरुस्ती नव्हे, नवा बिघाड आहे.

मॉडेल फिरलेले असेल तर

पाऊण अंशाहून थोडी कमी, नेमकी सांगायची तर सुमारे ०.६९ अंशाची फिरकी आढळली, तर भौगोलिक उत्तर आणि ग्रिड उत्तर (नकाशाच्या उभ्या रेषांची उत्तर) यांची गल्लत झालेली आहे. नागपूर झोन ४४ च्या मध्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला जवळजवळ दोन अंशांवर असल्यामुळे येथे ग्रिडची उत्तर भौगोलिक उत्तरेच्या किंचित पश्चिमेला, सुमारे ४१ कलांनी वळलेली असते. रेव्हिटमध्ये ज्याला ट्रू नॉर्थ म्हटले जाते, ती शेअर्ड कोऑर्डिनेट्सची (सर्व फायलींना सामाईक असलेल्या निर्देशांकांची) उत्तर असते, आणि सिव्हिल थ्रीडीच्या फाइलशी जुळवायची असेल तर ती ग्रिड उत्तरच असली पाहिजे. वास्तुविशारद सूर्यप्रकाशाच्या अभ्यासासाठी खरी भौगोलिक उत्तर भरतो, त्याच्या दृष्टीने ते योग्यच असते, आणि मग शंभर मीटर लांबीच्या इमारतीचे दुसरे टोक १.२ मीटरने, एक किलोमीटर लांबीच्या संकुलाचे टोक १२ मीटरने चुकते. सूर्याच्या अभ्यासात पाऊण अंशाने काहीही बिघडत नाही, पायाच्या आखणीत मात्र सर्व बिघडते. म्हणून मॉडेलमध्ये ग्रिड उत्तर ठेवावी आणि हा निर्णय वास्तुविशारदाला कारणासह लेखी कळवावा.

रेव्हिटमधील मूळबिंदूपासूनचे अंतर

भिंती थरथरताना दिसणे, वर्तुळे दातेरी होणे, रेघा जाड-बारीक होणे, स्नॅप (कर्सर बिंदूला आपोआप चिकटणे) चुकीच्या ठिकाणी लागणे या तक्रारींमागे बहुतेक वेळा मॉडेल इंटर्नल ओरिजिनपासून (रेव्हिटच्या स्वतःच्या शून्यबिंदूपासून) अतिशय दूर असणे हे कारण असते. पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा अनेकदा ३२ बिट आकड्यांवर चालते आणि २३ लाखांच्या घरातील नॉर्दिंगला त्या आकड्यांची सर्वांत लहान पायरी पाव मीटर पडते. विटेच्या जाडीपेक्षा मोठी पायरी घेऊन कोणतेही रेखांकन नीट दिसणार नाही. रेव्हिटमध्ये भूमिती इंटर्नल ओरिजिनपासून १६ किलोमीटरांच्या आत ठेवण्याची मर्यादा याच कारणासाठी आहे.

म्हणून इमारत खऱ्या ईस्टिंग-नॉर्दिंगवर नेऊन काढायची नसते. ती इंटर्नल ओरिजिनजवळच काढायची आणि तिचे पृथ्वीवरील स्थान शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून सांगायचे. यासाठी सर्वांत भरवशाचा क्रम असा आहे : सिव्हिल थ्रीडीमध्ये झोन ४४ नेमलेली, फक्त नियंत्रण बिंदू आणि ग्रिडचे दोन छेदबिंदू असलेली एक हलकी डीडब्ल्यूजी फाइल तयार करावी. ती रेव्हिटमध्ये लिंक करून हलवून व फिरवून इमारतीच्या त्याच छेदबिंदूंवर बसवावी. मग त्या लिंकवरून ॲक्वायर कोऑर्डिनेट्स ही आज्ञा द्यावी. येथे इमारत हलत नाही, लिंक हलते, आणि इमारतीला त्या लिंकचे निर्देशांक मिळतात. या उलट क्रमाने काम केले की घोटाळा होतो. त्यानंतर सर्व्हे पॉइंट व प्रोजेक्ट बेस पॉइंट हे रेव्हिटमधील दोन संदर्भबिंदू पिन करून (हलणार नाहीत असे) ठेवावेत. प्रत्येक निर्यातीत निर्देशांकांचा पर्याय शेअर्ड आहे की इंटर्नल, हे पाहण्याची सवय लावावी, कारण एकदा बरोबर बसवलेले मॉडेल पुढच्या महिन्यात चुकीच्या जागी येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण निर्यातीतील हा एक पर्याय असतो. तसेच लिंक आणताना सेंटर टू सेंटर हा पर्याय निवडला गेला तर दोन्ही फायलींचे मध्य एकमेकांवर येतात आणि निर्देशांकांचा काहीही संबंध राहत नाही. पहिल्यांदा बसवून झाल्यानंतरच्या प्रत्येक लिंकसाठी बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स हाच पर्याय घ्यावा.

आयएफसी या सामाईक फाइल-प्रकारातून मॉडेलची देवाणघेवाण होत असेल तर आणखी एक जागा तपासावी लागते. आयएफसी ४ मध्ये नकाशा-रूपांतराची स्वतंत्र नोंद असते. तिच्यात ईस्टिंग, नॉर्दिंग, उंची, अक्षाची दिशा व मापप्रमाण आणि तिच्या सोबतच्या नोंदीत प्रक्षेपण प्रणालीचे नाव लिहिलेले असते. आयएफसी २एक्स३ मध्ये ही सोय नसून जागेच्या नोंदीत केवळ अक्षांश-रेखांश व उंची मिळतात आणि तेवढ्याने इमारत सेंटिमीटरांत बसत नाही. मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि नकाशा मीटरमध्ये असेल, तर मापप्रमाणाच्या जागी ०.००१ असणे अपेक्षित आहे. तेथे १ लिहिलेले आढळले तर इमारत हजारपट मोठी का झाली याचे उत्तर मिळते.

ग्रिडवरील अंतर आणि जमिनीवरील अंतर

दर किलोमीटरला चार-पाच सेंटिमीटरांची तफावत ही चूक नव्हे. नागपूरजवळ यूटीएमचे मापप्रमाण सुमारे १.००००८६ आहे, आणि शहराच्या उंचीचा परिणाम त्यातून वजा केला की जमिनीवरील एक किलोमीटर ग्रिडवर सुमारे १०००.०४७ मीटर भरते. मध्य रेखावृत्तापासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतर हे या प्रक्षेपणात मापप्रमाण जवळजवळ एक असण्याचे ठिकाण असल्याने ही नागपूरची सोयच म्हणावी लागेल. एखाद्या इमारतीच्या संकुलासाठी हा फरक सोडून देता येतो. कामठी रस्त्यावरील दुमजली उड्डाणपुलासारख्या साडेपाच किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या कामात तो पाव मीटरच्या जवळ जातो, आणि तुळया कारखान्यात तयार होऊन येणार असतील तर एवढी तफावत दुर्लक्षिता येत नाही. पश्चिमेकडे ७८ अंशांच्या सीमेजवळ तर तो दर किलोमीटरला सुमारे ८० सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. लांब रेषीय कामासाठी म्हणून स्वतंत्र ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रक्षेपण ठरवून घ्यावे, त्याचे मध्य रेखावृत्त कामाच्या मधोमध ठेवावे आणि साखळी अंतरे (कामाच्या सुरुवातीपासून मोजलेली अंतरे) ग्रिडवरील की जमिनीवरील, हे पहिल्याच रेखांकनावर लिहावे. टोटल स्टेशनमध्ये मापप्रमाण एक ठेवून केलेली आखणी आणि ग्रिडवर केलेले संकल्पन यांचा मेळ नाही म्हणून शेवटच्या खांबाशी होणारे वाद मग टळतात.

उंचीचा फरक

आडव्या स्थितीत सर्व जुळले, पण इमारत रस्त्याच्या सुमारे साठ मीटर वर किंवा खाली तरंगते आहे, अशी स्थिती असेल तर डीजीपीएसची विवृत्ताभीय उंची कोणीतरी समुद्रसपाटीची उंची म्हणून वापरलेली आहे. नागपूर परिसरात जिऑइड (समुद्रसपाटीचा जमिनीखाली कल्पिलेला पृष्ठभाग) विवृत्ताभाच्या खाली असल्याने उपकरणाचा कच्चा आकडा २५० मीटरांच्या आसपास येतो, तर बेंचमार्कवरून (पातळी माहीत असलेल्या खुणेवरून) आणलेली पातळी ३१० मीटरांच्या आसपास असते. या आकड्यांत सरसकट साठ मिळवून चालणार नाही, कारण जिऑइड प्रकल्पाच्या विस्तारातही थोडा थोडा बदलतो आणि गुरुत्वाने वाहणाऱ्या मलवाहिनीच्या उतारात सेंटिमीटरांनाही किंमत असते. जिऑइड मॉडेल लावावे आणि मग जवळच्या बेंचमार्कवर लेव्हलिंग करून पडताळावे. पातळी १०१७ च्या घरात दिसत असेल तर ती फुटांत आहे. पातळी नेमकी १०० च्या आसपास असेल तर ती जागेवर मानलेल्या टीबीएमवरची (तात्पुरत्या बेंचमार्कवरची) आहे. आपल्याकडील इमारतींच्या कामांत ही पद्धत सर्रास आहे. त्या टीबीएमची खरी पातळी एकदा लेव्हलिंगने काढून घेतल्याशिवाय तिचा रस्त्याशी किंवा नाल्याशी संबंध जोडता येत नाही. हीच गोष्ट १०००, १००० किंवा ५०००, ५००० अशा मानलेल्या आडव्या निर्देशांकांना लागू आहे. त्यांना कोणतीही भौगोलिक प्रणाली नेमू नये. आधी दोन नियंत्रण बिंदूंवर डीजीपीएस निरीक्षण घेऊन ते झोन ४४ मध्ये आणावेत.

नव्याने घेतलेल्या निरीक्षणांबाबत आणखी एक काळजी आवश्यक आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणून आजचे अचूक निरीक्षण आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे अचूक निरीक्षण यांत पाऊण ते एक मीटर फरक पडणे स्वाभाविक आहे. कॉर्स केंद्रांवरून (सतत उपग्रह-निरीक्षण करणाऱ्या कायम केंद्रांवरून) सुधारणा घेऊन मिळालेले निर्देशांक कोणत्या संदर्भ चौकटीतील व कोणत्या संदर्भ वर्षाचे आहेत, हे सर्वेक्षकाच्या अहवालात आलेच पाहिजे. ते नसेल तर अहवाल स्वीकारू नये.

दुरुस्ती करताना

कारण निश्चित झाल्यावर दुरुस्ती ज्या फाइलमध्ये चूक उगम पावली तिच्यातच करावी. एकत्रित मॉडेलमध्ये यापूर्वी दिलेली सर्व सरकवणी व फिरकी काढून शून्यावर आणावी, अन्यथा मूळ फाइल बरोबर झाल्यानंतर जुनी हलवाहलव तिच्यावर पुन्हा लागू होते आणि आता सर्वच चुकीचे झाले असा समज पसरतो. त्यानंतर एका पानाची निर्देशांक नोंद तयार करून सर्व सहभागी कार्यालयांना द्यावी. तिच्यात डेटम, झोन व ईपीएसजी क्रमांक, एकक, उंचीचा आधार व वापरलेले जिऑइड मॉडेल, संदर्भ वर्ष, ग्रिड की जमीन हा निर्णय, रेव्हिटमधील उत्तर दिशेचा कोन, आणि किमान तीन नियंत्रण बिंदूंचे आकडे असावेत. प्रत्येक मॉडेलमध्ये त्यांपैकी दोन बिंदूंवर एक लहान पण ठळक खूण, उदाहरणार्थ मीटरभर उंचीचा शंकू, कायमची ठेवावी. मग सुधारित फाइल आली की मॉडेल जुळले का हे इमारतीकडे पाहून ठरवावे लागत नाही. शंकू शंकूवर बसला का, एवढे पाहिले की पुरते, आणि बसला नसेल तर फाइल त्याच दिवशी पाठवणाऱ्याकडे परत करावी. पाइलची आखणी सुरू होण्यापूर्वी मॉडेलमधून काढलेले चार बिंदू सर्वेक्षकाकडून प्रत्यक्ष जागेवर उभे करून घ्यावेत आणि त्यांच्यामधील अंतरे टेपने मोजून नोंदीवर सही घ्यावी.